उन्हाळ्यातली दोघांची शिवारफेरी



चैत्र सरला की आपल्या कोरडवाहू शिवाराला थोडी उसंत मिळते. ज्वारीची काढणी-मळणी आटोपलेली असते, हरभरा घरात आलेला असतो, कडब्याच्या गंजी रचून झालेल्या असतात. अंगणात बाजेवर कुरडया-पापड वाळत पडलेले असतात आणि गावात लग्नसराईचा वाजंत्री ताफा घुमत असतो. मृगाला अजून महिना-दीड महिना अवकाश असतो. वर्षभरात आपल्या हातात असा मोकळा काळ एवढाच.

या दिवसांत तुम्हाला एक प्रश्न विचारावासा वाटतो. रागावू नका. तुम्ही दोघे, म्हणजे नवरा-बायको, दोघेच मिळून, अंगावर काही काम नसताना घराबाहेर शेवटचे कधी पडलात?

पुष्कळजण म्हणतील, "साहेब, मागच्या जत्रेला गेलो की!" गेला असाल, पण जत्रेच्या वाटेवरचे चित्र मी कितीदा पाहिले आहे. धनी दहा पावले पुढे, हात मोकळे. बाई मागे, कडेवर लेकरू, डोक्यावर बोचके. देवळापर्यंत दोन कोस चालणे झाले तरी दोघांत चार शब्द होत नाहीत. दुसरे कोणी म्हणेल, "रानात तर रोजच जातो दोघे." तेही खरे. पण तो औताच्या मागे आणि ती खुरप्यापाशी वाकलेली. एकाच रानात असून दोघांची तोंडे दोन दिशांना!

पाडव्याला आपण सालगड्याशी बोली करतो. काम काय, साल किती, धान्य किती, सुट्ट्या किती, सारे तोंडावर ठरवून घेतो. परंतु ज्या सोबतिणीबरोबर उभा जन्म काढायचा तिच्याशी 'या वर्षी आपण दोघांनी काय साधायचे' एवढे बोलायला वर्षातला एक दिवस निघत नाही. मग एकाच घरात दोन मनसुबे वाढत राहतात. धन्याच्या मनात बोअर असते, कारभारणीच्या मनात मुलीचे शिक्षण असते. आणि दोघांना पैसा एकाच पिशवीतून काढायचा असतो. भांडण तिथून सुरू होते.

शहरातली जोडपी उन्हाळ्यात महाबळेश्वर-माथेरानला जातात. दावणीला जनावरे बांधलेली असताना आपल्याला ते जमणार नाही, आणि त्याची गरजही नाही. आपल्या फिरण्याची जागा आपल्या दाराशीच आहे. उन्हाळ्यात दोघांनी मिळून आपले शिवार फिरावे आणि फिरता फिरता वर्षाचे चार मनसुबे एक करावेत, एवढेच मला आज सांगायचे आहे. हे मला कोणत्या पुस्तकात मिळाले नाही. एका चुकीतून मिळाले, आणि चूक माझी होती.

चूक कशी झाली

२०१६ साली राज्यात 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू झाली. त्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याच्या रानात मी तळ्याची जागा बघायला गेलो. पाच एकर जमीन, निम्मी हलकी, निम्मी मध्यम. मनुष्य कष्टाळू, पण विहिरीच्या पाण्याने गांजलेला. दोनदा बोअर घेऊन झाले होते, दोन्ही कोरडे. तिसऱ्यासाठी बायकोची पोत गहाण टाकायचा विचार चालला होता आणि हे तिला ठाऊक नव्हते.

दुपारचे बारा वाजले होते. ऊन मी म्हणत होते. आम्ही दोघे पुरुष रानात फिरलो, उताराकडची एक सखल जागा मला पसंत पडली आणि मी खुणा करायला सांगितल्या. त्याची बायको भाकरी घेऊन आली होती, ती बांधावरच्या बाभळीखाली उभी होती. ती तिथूनच म्हणाली, "साहेब, पाणी हिकडून येत न्हाई. त्या बांधाला वळसा घालून पल्याडच्या वगळीतनं जातंय."

मी हसून म्हटले, "ताई, उतार तर इकडेच आहे." तिचा नवरा म्हणाला, "तिला काय कळतंय त्यातलं! तुम्ही खुणा टाका, साहेब." खुणा पडल्या, यंत्र आले, तळे झाले.

त्या वर्षी सप्टेंबरात आमच्याकडे पाऊस चांगला झाला. आजूबाजूची तळी भरली. या तळ्यात गुडघाभर पाणी साचले आणि दिवाळीच्या आत तेही मुरून गेले. पाणी बाईने सांगितलेल्या वाटेनेच निघून गेले होते.

पुढे मी विचार केला की हिला जे ठाऊक होते ते आम्हा दोघांना का ठाऊक नसावे? उत्तर सोपे होते. पाऊस कोसळत असतो तेव्हा मी कचेरीत असतो, तिचा नवरा गावात पारावर असतो. डोक्यावर खोळ घेऊन, बांधाच्या कडेला गवत कापत, पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे पाहणारी एकटी तीच असते. कृषी पदवी माझ्याजवळ होती. त्या पाच एकरांचे पाणी तिला ठाऊक होते, आणि तिला विचारले कोणी नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांच्या घरी गेलो, चूक कबूल केली आणि म्हटले, "आता तुम्ही दोघे मिळून सकाळी रान फिरा. मी नंतर येतो." आधी दोघेही लाजली. गाव काय म्हणेल! पण निघाली. त्यांच्या फेऱ्यांतून आणि नंतर इतर जोडप्यांच्या फेऱ्यांतून जे उमगले, ते पुढे क्रमाने सांगतो.

पहिली फेरी : पहाटे, बांधावरून

तांबडे फुटताच निघावे. बरोबर पाण्याची बाटली, एक कुदळ, एक घमेले आणि सुतळी एवढेच घ्यावे. रानाच्या अगदी माथ्यावर जावे आणि पाऊस जसा वरून खाली येतो तसे दोघांनी चालत खाली यावे. चालताना बघावे : बांध कुठे फुटला आहे? ओघळ कुठे पडली आहे? माती वाहून जाऊन मुरूम कुठे उघडा पडला आहे? सांडव्याचे दगड जागेवर आहेत काय? भर उन्हाळ्यात हराळी कुठे हिरवी दिसते? तिथे ओल वर आहे असे समजावे.

रान कोरडे आणि उघडे असते तेव्हाच त्याच्या जखमा दिसतात. एकदा पीक उभे राहिले की सारे झाकले जाते. एका एकरावर एक इंच पाऊस पडला तर ते पाणी सुमारे एक लाख लिटर भरते. फुटक्या बांधातून किती धन वाहून जाते याचा यावरून अंदाज करावा.

उतार पारखायला इंग्रजी ए अक्षरासारखी लाकडी चौकट घरी करता येते. सहा-सात फूट लांबीच्या दोन सारख्या काठ्यांची टोके वर एकत्र बांधावीत, खाली पाय फाकवावेत, मध्यावर एक आडवी काठी बांधावी आणि वरच्या टोकापासून दगड बांधलेली दोरी सोडावी. चौकटीचे दोन्ही पाय दोन खुंट्यांवर ठेवून दोरी आडव्या काठीला जिथे लागते तिथे खूण करावी. मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करावी. दोन खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी खूण केली की चौकट तयार. दोरी या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत आहेत असे समजावे. एका पायापाशी खुंटी ठोकून, तो पाय तिथेच ठेवून दुसरा पाय फिरवत फिरवत पातळी शोधावी आणि तिथे पुढची खुंटी ठोकावी. असे करत गेले की समपातळी रेषा मिळते. त्या रेषेवर चर किंवा बांध घातला की पाणी थांबते.

हे काम एकट्याने होत नाही. एकाने चौकट धरायची, दुसऱ्याने दोरी बघून खुंटी ठोकायची. कोण काय करील ते दोघांनी ठरवावे. आमच्या त्या जोडप्यात चौकट बाईच्या हातात होती आणि "थांबा, अजून बोटभर खाली घ्या," असे ती नवऱ्याला सांगत होती. तो मुकाट्याने ऐकत होता. बांधावर उभा राहून मी ते पाहिले आणि मला फार बरे वाटले.

याच फेरीत मातीचा नमुना घ्यावा. पीक निघालेले असते आणि शेणखत अजून टाकलेले नसते, म्हणून हा काळ योग्य. एकाच प्रकारच्या जमिनीत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे वीतभर खोल खड्डे करावेत. खड्ड्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने खरवडून घमेल्यात घ्यावी. सर्व माती मिसळून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत आणि अर्धा किलो माती उरेपर्यंत असेच करत जावे. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याशेजारची माती घेऊ नये. काळी आणि मुरमाड माती एकत्र करू नये. खताच्या रिकाम्या गोणीत नमुना भरू नये. पिशवीत चिठ्ठी घालून नमुना प्रयोगशाळेत द्यावा. कोणत्या तुकड्यात पीक पिवळे पडते हे खुरपणीला जाणारी बाई जेवढे जाणते तेवढे दुसरे कोणी जाणत नाही. तेव्हा नमुने कुठले आणि किती घ्यायचे हे तिला विचारूनच ठरवावे.

दुसरी फेरी : विहिरीवर, सांज-सकाळ

मोटार बंद केल्यावर संध्याकाळी सुतळीला दगड बांधून विहिरीतले पाणी किती फूट आहे ते मोजावे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजावे. रात्रीत जेवढे वाढले तेवढी आपल्या झऱ्यांची ताकद. एकाने सुतळी सोडावी, दुसऱ्याने वहीत लिहावे.

आता थोडा हिशेब. वीस फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. एका एकराला पाच सेंटीमीटरची एक पाळी द्यायची तर सुमारे दोन लाख लिटर पाणी लागते. म्हणजे या विहिरीतले बावीस-तेवीस फूट पाणी एकाच पाळीत संपते! ठिबकवर हे गणित बरेच सुधारते. पण मोकाट पाण्यावर ऊस लावायचा बेत असेल तर त्याला वर्षात अशा किती पाळ्या लागतील आणि आपल्या विहिरीत किती बसतील, ते दोघांनी विहिरीच्या काठावर बसून मोजावे.

त्या जोडप्याने असेच मोजले. बेरीज बाईने केली. आठवीत शाळा सुटली होती तरी तोंडी हिशेबात ती पक्की होती. वही बंद करून ती म्हणाली, "अहो, आपल्याकडं पाणीच एवढं हाय. तिसरं बोअर घेऊन जमिनीच्या पोटात नसलेलं पाणी कुठनं येणार?" तेव्हा पोत गहाण टाकायचा विचार त्याने प्रथमच तिच्यापाशी बोलून दाखवला. ती रडली, रागावली, दोन दिवस बोलली नाही. पण बोअरचा बेत तिथे मोडला. विहिरीवर बसून बोलणे झाले नसते तर पोतही गेली असती आणि बोअरही कोरडे निघण्याचा धोका होता.

तिसरी फेरी : वळवानंतरच्या सांजेला

वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की मातीचा वास सुटतो आणि हवेत गारवा येतो. त्या संध्याकाळी घरात बसू नका. हुमणीचे भुंगेरे याच वेळी जमिनीतून बाहेर पडतात आणि अंधार पडताच कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर पाला खायला जमतात. एक मादी जमिनीत पन्नासेक अंडी घालते. आज एक भुंगेरा मारला तर उद्याच्या पन्नास अळ्या टळतात. एकदा अळी मुळाशी लागली म्हणजे उसात, भुईमुगात, सोयाबीनमध्ये औषधाचा खर्च किती होतो हे तुम्हाला माहीत आहेच.

दिवेलागणीनंतर तासा-दीड तासात दोघांनी बॅटरी घेऊन निघावे. एकाने आकडीच्या काठीने फांदी हलवावी, दुसऱ्याने खाली अंथरलेल्या गोणपाटावर पडलेले भुंगेरे गोळा करून साबणाच्या किंवा रॉकेलमिश्रित पाण्याच्या बादलीत टाकावेत. तीन-चार सांजा हे करावे. शेजाऱ्यालाही बोलवावे, कारण एकट्याच्या रानाने हुमणी हटत नाही. मुलांना बरोबर घेतले तर त्यांना ती जत्राच वाटते. काम संपल्यावर बांधावर दोन घटका बसावे. विजा दूर चमकत असतात, वाऱ्याला ओल असते. अशा वेळी माणसाच्या तोंडून मनातले आपोआप निघते.

चौथी फेरी : एक दिवस गावाबाहेर

शेजारच्या घराशी बोलून ठेवा. एक दिवस तुम्ही त्यांची गुरे सांभाळा, एक दिवस ते तुमची सांभाळतील. मग दोघांनी सकाळच्या एसटीने निघावे. कुलदैवताला जायचे असेल तर तेही करावे, पण येता-जाता शेतीची एक चांगली जागा बघावी. तुमच्या जिल्ह्यातले कृषी विज्ञान केंद्र असेल, कृषी विद्यापीठ असेल, एखादे पाणी राखणारे गाव असेल.

आमच्या भागातली मंडळी हिवरे बाजारला जातात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या या दुष्काळी गावात पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले. डोंगरावर चर खणणे, झाडे राखणे, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी अशी कामे गावाने केली. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही हा नियम पाळला. पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्या वर्षी कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरवतात. पवारांना २०२० साली पद्मश्री मिळाली. तुम्ही विहिरीवर बसून जो हिशेब कराल तोच हिशेब सबंध गाव करते, हे डोळ्यांनी पाहिले की मनाला बळ येते.

त्याच जिल्ह्यात राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. ज्यांचे नाव विद्यापीठाला आहे त्यांचाही संसार आठवावा. जोतीरावांनी सावित्रीबाईंना स्वतः अक्षरे शिकवली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली तेव्हा सावित्रीबाई तिथे शिकवायला उभ्या राहिल्या. पुढे १८८३ साली जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून कुणब्याचे दुःख मांडले. एका घरातल्या दोघांनी एकच ध्येय धरले तर केवढे काम उभे राहते! आपले ध्येय तेवढे मोठे नसेल, पण रीत तीच आहे.

एक गोष्ट मात्र नक्की पाळा. एसटीतून उतरल्यावर दोघांनी बरोबरीने चालावे. दहा पावले पुढे-मागे नाही. बोचके एकाच्याच डोक्यावर नाही.

वहीचे एक पान

फेऱ्या झाल्या की मुलाच्या जुन्या वहीतले एक कोरे पान घ्या. त्यावर तीन भाग करा. पहिल्यात रानाचे, दुसऱ्यात घराचे आणि तिसऱ्यात ज्याचे त्याचे. रानाची आणि घराची दोन-दोन कामे पुरेत. वीस लिहाल तर एकही होणार नाही. प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिहा : पैसा कुठून येणार, कधीपर्यंत होणार, आणि त्यात कोणाचे काय काम. 'शेती सुधारायची' असे लिहू नका. 'वरच्या बांधाचा सांडवा मृगाच्या आत दगडाने बांधायचा' असे लिहा.

तिसरा भाग बहुतेकजण सोडतात. तो सोडू नका. माणसाला स्वतःची म्हणून एखादी इच्छा असते. ती दुसऱ्याने ऐकली की तिला आधार मिळतो.

त्या जोडप्याचे पान मी पाहिले आहे. रानात लिहिले होते : वगळीचे पाणी चर खणून तळ्यात वळवायचे, कांदाचाळ करायची. घरात लिहिले होते : थोरलीला बारावीनंतर शिकवायचे, त्यासाठी दर वर्षी दोन बोकडांचे पैसे बाजूला ठेवायचे, आणि नवे कर्ज दोघांनी विचारल्याशिवाय काढायचे नाही. स्वतःच्या रकान्यात धन्याने लिहिले, 'तंबाखू सोडणे'. बाईने बराच वेळ काही लिहिले नाही. मग हळूच लिहिले, 'दहावी'. नवरा चकित झाला. इतक्या वर्षांच्या संसारात हे तिने कधी बोलून दाखवले नव्हते. बोलायला जागाच कुठे मिळाली होती?

पुढचे खरे खरे सांगतो. २०१७ च्या उन्हाळ्यात दोघांनी दिवसाआड सकाळी खपून तो चर खणला. त्या पावसाळ्यात तळे भरले. २०१८ चा दुष्काळ आला तेव्हा ते पुरते भरले नाही, पण जे होते त्यावर कडवळाचा चारा आणि लिंबाची झाडे डिसेंबरपर्यंत तगली; दावणीची जनावरे विकावी लागली नाहीत. थोरली परिचारिकेचे शिक्षण घेऊन नोकरीला लागली. बाईने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली. पहिल्या खेपेला गणित राहिले, दुसऱ्या खेपेला सुटले. विहिरीचा हिशेब तोंडी करणारी बाई बीजगणिताला अडली, याचे तिला अजून हसू येते. तंबाखू दोनदा सुटली आणि दोनदा परत आली, तिसऱ्या उन्हाळ्यात कायमची गेली. कांदाचाळ अजून झालेली नाही. दर पाडव्याला ती नव्या पानावर पुन्हा लिहिली जाते.

सातबाऱ्यावर दोघे

या पानावर आणखी एक ओळ लिहावी अशी माझी विनंती आहे. रान दोघे राबतात, पण सातबारा उताऱ्यावर नाव बहुधा एकाचेच असते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नवऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन करून द्यावी म्हणून लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली होती. पुढे १९९२ साली शासनाने त्याच नावाने परिपत्रक काढले. नवऱ्याने स्वखुशीने अर्ज दिला तर त्याच्या हयातीतच सातबाऱ्यावर बायकोचे नाव सहधारक म्हणून लावता येते. तलाठ्याकडे चौकशी करावी. अकाली कुंकू पुसले गेलेल्या कितीतरी बहिणींना मी वारसनोंदीसाठी दिरा-भावकीच्या दारात उभ्या राहिलेल्या पाहिले आहे. जे काम आज एका अर्जाने होते ते उद्या कोर्टाने होत नाही.

एवढे सांभाळा

उन्हाळ्याची फेरी सकाळी नऊच्या आत किंवा पाच वाजल्यानंतर करावी. दुपारी बारा ते तीन उन्हात राहू नये. डोक्याला टापर, पदर किंवा टोपी असावी. घोटघोट पाणी पीत राहावे. चक्कर आली, डोके दुखले, मळमळले तर लगेच सावलीत बसावे आणि एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा लहान चमचे साखर व अर्धा लहान चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे प्यावे. बोलणे असंबद्ध झाले किंवा अंग तापून शुद्ध हरपू लागली तर पाण्याने अंग पुसत ताबडतोब दवाखाना गाठावा. सांजेच्या फेरीला पायांत बूट आणि हातात बॅटरी हवीच. उन्हाळ्यात साप-विंचू गारव्याला बाहेर येतात. वीज कडाडू लागली तर झाडाखाली थांबू नये, सरळ घर गाठावे.

आणि एक पथ्य बोलण्याचे. शिवारात चालताना जुनी उणीदुणी काढू नयेत. सासर-माहेरचा पंचनामा घरी ठेवून यावा. एकजण बोलत असताना दुसऱ्याने मधेच "तुला काय कळतंय" असे म्हणू नये. या तीन शब्दांनी माझे एक अख्खे तळे कोरडे ठेवले होते.

बंधू-भगिनींनो, रोहिणी लागायला आता फार दिवस नाहीत. एकदा मृगाचे ढग आले की पाभर, बियाणे, खत यांची धांदल सुरू होईल आणि मग दोघांना एकमेकांकडे बघायला सवड मिळणार नाही. तेव्हा उद्याच पहाटे उठा. चहा घ्या, दावणीला वैरण टाका आणि बांधाची वाट धरा. शेजारी-पाजारी पहिल्या दिवशी हसतील, दुसऱ्या दिवशी विचारतील आणि तिसऱ्या दिवशी कदाचित तेही निघतील.

बांध अरुंद असतो, दोघांना शेजारी शेजारी चालता येत नाही, असे मला एकाने सांगितले. मी म्हटले, मग तिला पुढे चालू द्या. पाण्याची वाट तिला ठाऊक आहे.